न धुतलेल्या लोकरीतले कप

“आज या गल्लीतून एका म्हाताऱ्या बाईंचं सामान निघतंय असं समजू नका. आज इथून धुराचं युग निघून चाललंय. तुमच्या नातवंडांची नातवंडं एक दिवस विचारतील, त्या सकाळी तुम्ही कुठे उभे होतात?”

क्रिस्पिन थिसलवुडने हे गाडीच्या बैठकीवर उभं राहून, दोन्ही हात पसरून सांगितलं.

मी डचेसच्या मागे उभा होतो. डचेस म्हणजे त्या गाडीला जुंपलेली घोडी. उंचीने दाराएवढी आणि रुंदीने दारापेक्षा थोडी जास्त. क्रिस्पिनच्या तोंडून ‘नातवंडं’ हा शब्द निघाला आणि तिने शेपटी उचलली. नातवंडांना काय उत्तर द्यायचं ते माझ्यापुरतं तिथेच ठरलं, आणि मी बूट बदलायला घरात गेलो.

परत आलो तेव्हा क्रिस्पिन रस्त्यावरचा तो ऐवज हातांनी तागाच्या पिशवीत भरत होता. “खत,” माझ्याकडे पाहून तो म्हणाला. दागिनेवाला ‘हिरा’ म्हणताना आवाज जसा खाली आणतो तसा त्याने आणला होता. मग त्याने ती पिशवी गाडीच्या मागच्या कडीला, मिसेस पेनफोल्ड यांच्या गादीला अगदी लागून, अडकवली. पिशवीला जाळीचं विणकाम होतं. हवा खेळती राहावी म्हणून.

मिसेस पेनफोल्ड माझ्या शेजारीण. तीसेक वर्षं आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. त्यांच्या स्वयंपाकघरात चमचा पडला की मी दचकायचो, आणि मी शिंकलो की भिंतीपलीकडून ‘देव भलं करो’ असं ऐकू यायचं. त्यामुळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारण्याइतकी ओळख अजून झालेली नव्हती. त्यांचं घर भाड्याचं. मालकाने ते लंडनच्या एका जोडप्याला विकलं. ते जोडपं महिन्यातून एकदा येऊन इथल्या शांततेचं कौतुक करणार होतं आणि उरलेले दिवस ती शांतता कुलपात ठेवणार होतं.

मिसेस पेनफोल्ड यांच्यापुढे मार्ग दोन. एक, दूरच्या शहरात भाच्याकडे जाणं. तिथे जेवणाच्या खोलीत टीव्ही आणि कुत्रा यांच्या मधोमध घडीचा पलंग टाकता येईल असं भाच्याने कळवलं होतं. कुत्र्याचं मत अजून यायचं होतं. दुसरा मार्ग म्हणजे सर रॉजरची घरं.

सर रॉजर चारशे वर्षांपूर्वी लोकरीच्या व्यापारात गबर झाले आणि मरणाच्या आधी थोडे घाबरले. त्या घाबरण्यातून चर्चशेजारी आठ दगडी घरांची रांग उभी राहिली. गावातल्या निराधार म्हाताऱ्यांनी तिथे मरेपर्यंत फुकट राहावं. अट एकच, आणि ती फाटकाच्या कमानीवर कोरलेली असल्याने गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे: नव्याने येणाऱ्याच्या घरी, त्याच्याच भांड्यातून, प्रत्येक विश्वस्ताने पहिल्याच दिवशी एक पेला रिकामा करावा, कुणाला तो न करवला तर जागा दुसऱ्याला द्यावी. सर रॉजरचा पेला बिअरचा होता. पुढे दारूची चीड असलेल्या एका व्हिकरने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, त्याचा चहा केला. चहा संपवून कप बशीवर पालथा घातला की एक होकार झाला. न संपवणाऱ्याला कारण विचारायचं नाही. माझ्या आठवणीत असं एकदाच घडलं. मिस्टर कॉर्बेट नावाच्या गृहस्थांनी चहात बकरीचं दूध घातलं होतं. ते आता वेल्समध्ये असतात.

विश्वस्त आम्ही तिघं. व्हिकर पदामुळे. मी, एका बैठकीला गैरहजर राहिल्यामुळे. त्याच बैठकीत माझी एकमताने निवड झाली. आणि अध्यक्षा मिसेस ऑगस्टा थिसलवुड, क्रिस्पिनच्या मातोश्री.

ऑगस्टाबाईंना ती जागा मिस टिबेट यांना द्यायची होती. मिस टिबेट ही क्रिस्पिनची म्हातारी दाई. क्रिस्पिनला लहानाचा मोठा तिने केला, पण त्याचा दोष तिच्यावर टाकणं बरं नाही. ती थिसलवुडांच्या तबेल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची, आणि त्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देण्याजोग्या आहेत हे ऑगस्टाबाईंच्या नुकतंच ध्यानात आलं होतं. निवडीच्या बैठकीत व्हिकर आणि मी मिसेस पेनफोल्ड यांच्या बाजूने हात वर केला. ऑगस्टाबाई हसल्या. ते हसू पाहून व्हिकरनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातलाच नाही.

त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक ठराव मांडला: यापुढे सर रॉजरच्या घरात येणाऱ्याचं सगळं सामान, सुईपासून कपाटापर्यंत, पृथ्वीला इजा न करता आलं पाहिजे. तशी सेवा देणारा व्यवसाय आमच्या चिपिंग ऑल्डर गावात एकच होता, ‘हळुवार पाऊल’. त्याचा मालक आपल्याच पोटी जन्मला आहे हा योगायोग ऑगस्टाबाईंनी स्वतः बैठकीच्या नजरेस आणला, आणि तो कौतुकाने नोंदवला गेला.

तर ही ती सकाळ. जून महिना, गुरुवार, बाजाराचा दिवस, आणि आमच्याकडे क्वचित पडतं तसं ऊन.

कपाट, गादी, एक सोडून बाकी खुर्च्या तागाच्या दोरांनी बांधून झाल्या. मग काचेची आणि चिनी मातीची भांडी आली. मिसेस पेनफोल्ड यांनी टेबलावर लग्नातले सहा कप ओळीने मांडले होते. पांढरे, कडेला निळी वेल, कान इतका नाजूक की त्यात बोट घालताना आपण काहीतरी अगोचरपणा करतोय असं वाटावं. क्रिस्पिनने एक गोणी ओढत आणली आणि तिचं तोंड सोडलं.

वास आधी पायांशी आला, मग गुडघ्यांशी. ओला कुत्रा शिळ्या लोण्यात परतून, त्यावर कुणीतरी आठवडाभर लघवी करत राहावं, असा तो वास होता. मिसेस पेनफोल्ड एक पाऊल मागे सरल्या आणि मागे भिंत निघाली.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“लोकर. आपल्या मातीतली. प्लास्टिकचे फुगे नाहीत, पुठ्ठा नाही, चिकटपट्टी नाही. सर रॉजरच्या काळात चिनी मातीचे कप असेच जायचे.”

“त्या काळात इथे असे कप नव्हते,” मी म्हटलं.

“असते तर असेच गेले असते.”

“पण ही लोकर धुतलेली नाही.”

“धुवायला पाणी लागतं, मिस्टर लव्हेल,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “पाणी तापवायला गॅस लागतो. वर साबण नदीत जातो. माशांचा विचार केलाय कधी तुम्ही?”

मी त्या वेळी मेंढीचा विचार करत होतो, आणि तोही पूर्ण मेंढीचा नाही. लोकरीचा रंग मुतरट पिवळा होता. तिच्यावर मेणासारखा चिकट थर होता आणि टोकाटोकांना काळ्या कडक गोळ्या लोंबत होत्या, झुंबराला लोलक असतात तशा. एका गोळीजवळ काहीतरी वळवळलं.

“त्यात काहीतरी जिवंत आहे,” मिसेस पेनफोल्ड म्हणाल्या.

“जैवविविधता,” क्रिस्पिन म्हणाला, आणि त्याने पहिला कप उचलून त्याच्या पोटात मूठभर लोकर अंगठ्याने दाबून बसवली.

“अहो, कप राहू द्या. कप मी टोपलीत घालून हातात नेते. चर्चपर्यंत तर जायचं.”

“ठरावात ‘सगळं सामान’ असं आहे ना, मिसेस पेनफोल्ड. एक कप जरी बाहेरून आला तर आई तांत्रिक मुद्दा काढेल. तुम्हाला आईचा स्वभाव ठाऊक नाही.”

“आहे,” मिसेस पेनफोल्ड म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. विश्वस्त झाल्यावर ती सवय लागते. तेवढ्यात क्रिस्पिनने मोरीपाशी ठेवलेली भांडी घासायच्या साबणाची हिरवी बाटली दोन बोटांत धरून ‘धोकादायक कचरा’ अशी पाटी असलेल्या टोपलीत सोडली आणि बदल्यात मिसेस पेनफोल्ड यांच्या हातात लाकडाच्या राखेची बरणी आणि व्हिनेगरची शिशी दिली. मग त्याने किटली घेतली, ती जस्ताच्या बादलीत ठेवली, आणि कडेची सगळी पोकळी लोकरीने ठासून भरली. वर उरलेली मूठ त्याने किटलीच्या आत घातली. खणखणू नये म्हणून.

तो बादली घेऊन बाहेर गेल्यावर मिसेस पेनफोल्ड हळूच म्हणाल्या, “मिस्टर लव्हेल, त्या कपातून चहा जाईल का हो?”

“जाईल की.”

“कुणाला?”

“मला. व्हिकरना. त्यांना सवय आहे, ते सगळ्यांकडचं खातात.”

“आणि तिला?”

मी म्हटलं, खुर्ची जरा जड दिसतेय, मी एका बाजूने धरतो.

चर्चकडे जायचा रस्ता बाजाराच्या चौकातून जातो. आमचं गाव लोकरीवर उभं राहिलं, आणि हे विसरू देत नाही. चर्चच्या मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा सांगायला पत्र्याची मेंढी आहे. चौकात पितळी एडका आहे. पर्यटकांनी हात फिरवून त्याचे कुल्ले चकचकीत केले आहेत. चहाच्या दुकानाचं नाव ‘सोनेरी लोकर’. दर मे महिन्यात मिरवणूक निघते. तिच्यासाठी चार मेंढ्यांना शाम्पू लावून, वाळवणीच्या यंत्राने फुलवून, रिबिनी बांधून आणतात आणि त्यांच्यामागे नगराध्यक्ष साखळी घालून चालतात. मेंढीवर आमचं मनापासून प्रेम आहे. फक्त मेंढी तिथे असता कामा नये.

आणि त्या गुरुवारी उन्हात तापलेली खरी लोकर चौकात शिरली.

आधी माश्या आल्या. बाजारातल्या साऱ्या माश्यांनी आपापले मासे, मटण, जॅम सोडून गाडीमागे रांग धरली. ‘सोनेरी लोकर’च्या बाहेर बसलेल्या दोन बायकांनी कॅमेरे वर केले, मग खाली केले, मग एकीने हातातला स्कोनचा गोड पाव बशीत ठेवला आणि बशी दूर सरकवली. चीजवाल्याने आपल्या सगळ्यात जुन्या, निळ्या बुरशीच्या चीजवर लगबगीने कापड टाकलं.

“अरे क्रिस्पिन, जरा लवकर ने बाबा,” तो ओरडला. “लोक माझ्याकडे बघतायत.”

“हा आपल्या इतिहासाचा गंध आहे,” क्रिस्पिन गाडीवरून म्हणाला.

“मग इतिहास आधीच संपला ते बरं झालं.”

नेड ब्रॅडिक कोपऱ्यावर अंडी विकत होता. टेकडीवरचा मेंढपाळ, पंचक्रोशीतल्या निम्म्या मेंढ्या त्याच्या. मी खुर्ची घेऊन गाडीमागून चाललो होतो. मला पाहून त्याने बोटाने गोण्या दाखवल्या.

“ती पोती माझी आहेत.”

“क्रिस्पिनने तुझ्याकडून घेतली का?”

“घेतली कसली. चांगली लोकर कोठारात पडलीय, आता तिला कुत्रं विचारत नाही. म्हटलं, ने फुकट. तर म्हणतो कसा, नको, ही फार गुळगुळीत आहे. मग उकिरड्याच्या ढिगापाशी गेला आणि यांच्यात नाक घालून उभा राहिला. म्हणाला, यांच्यात जमिनीशी नातं जाणवतं.” नेडने एक अंडं पुसून जागेवर ठेवलं. “नातं आहे खरं. रोज सकाळ-संध्याकाळचं.”

“ही मेंढीच्या कुठल्या भागाची रे?”

नेडने इकडेतिकडे बघून, बायका जवळपास नाहीत याची खात्री करून, आपल्या पाठीमागे हात नेऊन जागा दाखवली.

“कातरायच्या आधी हगवण लागली होती कळपाला,” तो म्हणाला. “कशात भरलीय त्याने?”

“चहाच्या कपांत.”

नेडने टोपी काढली. शवयात्रा जाताना तो काढतो तशीच, छातीशी धरून. गाडी वळेपर्यंत त्याने ती डोक्यावर ठेवली नाही.

तिसऱ्या नंबरचं घर मिसेस पेनफोल्ड यांना मिळणार होतं. एक खोली, एक कोनाड्यातलं स्वयंपाकघर, खिडकीतून चर्चचं गवत. त्यांनी कोट न काढताच खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, पडदा इथे, खुर्ची इथे, असं स्वतःशी पुटपुटल्या, आणि मग मागे वळल्या. क्रिस्पिनने कपांची टोपली उघडली होती.

कप फुटले नव्हते, हे मान्य करायला हवं. कपांतून लोकर ओढून काढताना पुच्च असा आवाज आला. आतून प्रत्येक कपाला पिवळट तुकतुकीत लेप चढला होता, जणू त्यांना कुणी मलम चोळलं होतं. निळ्या वेलीवर एक करडा कीटक शांतपणे चालला होता. मिसेस पेनफोल्ड यांनी राख आणि व्हिनेगर लावून घासलं. त्याचा चिखल झाला. किटलीतून लोकर उपसली, पाणी उकळून ओतलं. चरबी वितळली, पाण्यावर तरंगली, कप उलटा करताच कडेला लागून पुन्हा गोठली. तिने जागा बदलली, घर सोडलं नाही. वास तर गरम पाण्याने नुसता जागा झाला.

“बादलीत घालून भिजवू का?” मी म्हटलं.

“बादलीत अजून लोकर आहे. ती बाहेर कुठे टाकू? अंगण विश्वस्तांचं आहे.”

“मी पळत जाऊन साबण आणतो.”

मी दार उघडलं. दारात ऑगस्टाबाई उभ्या होत्या. निळी टोपी, पांढरे हातमोजे, मागे व्हिकर. त्यांच्या नाकपुड्या एकदा फुलल्या, थांबल्या, पुन्हा फुलल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरलं की एखाद्याला वाटावं बाई गुलाबाच्या बागेत आल्या आहेत.

“काही वास येतोय का हो इथे?” त्या म्हणाल्या. “का मलाच?”

“खिडकी उघडतो,” व्हिकर म्हणाले.

“नको नको. असू दे. सगळं आहे तसंच असू दे.”

मिसेस पेनफोल्ड यांनी चहा ओतला. टेबलाभोवती आम्ही तिघं बसलो. क्रिस्पिनने फोन चुलीवरच्या फळीला टेकवून उभा केला.

“आई, हे थेट दिसतंय हं लोकांना. बाहेरगावचेही बघतायत. ‘हळुवार पाऊल’चं पहिलं संपूर्ण स्थलांतर. तुम्ही सगळे नेहमीसारखे वागा.”

नेहमीसारखे वागा म्हटल्यावर व्हिकर उठून उभे राहिले आणि प्रार्थना म्हणू लागले. ती इतर वेळी दोन ओळींची असते. त्या दिवशी त्यांनी राजघराणं, समुद्रावरचे खलाशी, सगळ्या देशांतले आजारी, आणि ज्यांच्यावर कठीण प्रसंग आला आहे अशा सर्वांना तीत घेतलं. मग बसले, डोळे मिटले, आणि पाण्यात उडी मारणाऱ्यासारखा श्वास धरून कप रिकामा केला. कंठ वर गेला. बराच वेळ वरच राहिला. मग खाली आला. त्यांनी कप बशीवर पालथा घातला आणि छान, छान, असं म्हणाले. त्यांच्या खालच्या ओठावरून एक पिवळा केस हनुवटीपर्यंत लोंबत होता. तो सगळ्यांना दिसत होता. पण असं कुणाला सांगायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून तो प्रत्येक शब्दासरशी हलत राहिला.

ऑगस्टाबाईंनी कप उचलला. चहावर चरबीचे गोल गोल डोळे जमले होते आणि ते सगळे वर पाहत होते. बाईंनी कप नाकाखाली नेला, तिथे क्षणभर ठेवला, आणि परत बशीत ठेवला. उताणाच.

“मला फार वाईट वाटतंय,” त्या म्हणाल्या. आवाज इतका गोड की माशीही थबकावी. “कारण सांगायचं बंधन नाही, तरी माणुसकी म्हणून सांगते. स्वच्छता ही ज्याची त्याची सवय असते. या वयात नवी लागत नाही. आणि या रांगेत आणखी सात जणांना राहायचं आहे.”

मिसेस पेनफोल्ड यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. मला त्या भाच्याच्या जेवणाच्या खोलीत दिसल्या, मांडीवर कुत्रा, कुत्र्याच्या चेहऱ्यावर नापसंती.

मग त्या म्हणाल्या, “खरं आहे तुमचं, मिसेस थिसलवुड. वास येतोच. मलाही येतोय. काल रात्री याच कपातून मी चहा प्यायले, तेव्हा नव्हता. मधल्या वेळात तो कुठून आला, तेवढं सांगितलंत तर बरं होईल. म्हणजे त्या फोनमधून बघतायत त्या लोकांनाही कळेल.”

क्रिस्पिनने वळून पाहिलं. “आई? वास येतोय?”

त्याचा तो चेहरा मी पूर्वी पाहिला होता. शाळेच्या कार्यक्रमात झाड झाला होता तेव्हा, आणि कुणीतरी हसलं तेव्हा. पस्तिशीचा घोडा, पण चेहरा तोच.

ऑगस्टाबाईंच्या मनात काय चाललं होतं ते टेबलावर मांडल्यासारखं स्पष्ट दिसत होतं. क्रिस्पिनने याआधी तळघरात अळिंबी लावल्या होत्या. त्या बुडाल्या, तो घरी परतला. मग मधमाश्या पाळल्या. त्या उडून गेल्या, तो घरी परतला. मग मौनाची शिबिरं घेतली. त्यांबद्दल कुणी काही बोललंच नाही, तो घरी परतला. प्रत्येक वेळी जेवणाच्या टेबलावर त्याने ऑगस्टाबाईंना पृथ्वीबद्दल सांगितलं, महिनोन्‌महिने, पदार्थागणिक. आता तो गिरणीजवळच्या खोलीत राहत होता, घोडीसकट. एका पारड्यात तबेल्यावरच्या दोन खोल्या होत्या. दुसऱ्या पारड्यात क्रिस्पिन, कायमचा.

“वास?” ऑगस्टाबाई म्हणाल्या. “छे. कसला वास?”

“मग चहा घे ना, आई. लोक बघतायत.”

“घेतेच आहे. निवायची वाट बघत होते.”

“निवला की तो थिजतो,” मिसेस पेनफोल्ड काळजीने म्हणाल्या.

ऑगस्टाबाईंनी दोन्ही हातमोजे घट्ट ओढले, कप उचलला, आणि मान मागे टाकून एका दमात आत रिचवला. मध्ये एकदा त्या थांबल्यासारख्या वाटल्या. काहीतरी घन पदार्थ आला असावा. डोळे मोठे झाले, त्यांत पाणी तरळलं, आणि मग घशातून तो पदार्थही, सर रॉजरच्या इच्छेला मान देऊन, खाली उतरला. कप पालथा पडला. पांढऱ्या हातमोज्याच्या अंगठ्याला पिवळा डाग लागला होता.

उरलो मी.

माझ्या कपात एक काळा दाणा होता. तो चमच्याने ढवळल्याशिवायच फिरत होता. बहुधा पायांच्या बळावर. मी त्याच्याकडे पाहत होतो, आणि मिसेस पेनफोल्ड माझ्याकडे. त्या विनवत नव्हत्या. तीस वर्षं माझ्या शिंकेला भिंतीपलीकडून देवाचं नाव घेणाऱ्या बाई, खुर्चीच्या कडेवर, बटण लावून, पर्स मांडीवर, निघायच्या तयारीत बसल्या होत्या.

मी प्यालो. चवीबद्दल एवढंच सांगतो की जिभेवर आधी कोकराचं सगळं आयुष्य येऊन गेलं, आणि मग त्याच्या आईचं. तेव्हापासून रविवारी घरी मटण शिजत नाही आणि लोकरी मोजे मी कपाटाच्या वरच्या खणात, दूर ठेवले आहेत. कप पालथा घातला तेव्हा कडेतून एक थेंब ओघळला आणि बशीवर तिथल्या तिथे पांढरा झाला.

“झालं तर,” व्हिकर म्हणाले, आणि केस हलला. “मिसेस पेनफोल्ड, सर रॉजरच्या नावाने हे घर तुमचं.”

मिसेस पेनफोल्ड यांनी कोटाचं बटण काढलं. मग दुसरं. मग कोट काढून त्यांनी दारामागच्या खुंटीला लावला, आणि तो सरळ लोंबतोय ना हे पाहत जरा वेळ तिथेच, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“आई, दोन शब्द,” क्रिस्पिन म्हणाला. “अध्यक्षांचे दोन शब्द असतातच. सगळे थांबलेत बघायला.”

ऑगस्टाबाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. चेहऱ्याचा रंग चीजवाल्याच्या त्या झाकलेल्या मालासारखा झाला होता, पण थिसलवुडांच्या घरात बोलायचं म्हटलं की माणूस मागे हटत नाही.

“ज्या लोकरीने हे नगर घडवलं,” त्या फोनकडे पाहून म्हणाल्या, “ती आज, इतक्या शतकांनंतर, आपल्या दारी परत आली आहे. आपण तिला विसरलो होतो. आज आपण तिला पुन्हा आपलंसं केलं, आपल्या,” इथे त्या थांबल्या, ओठ घट्ट मिटले, खांदे एकदा हलले, “आपल्या अंतरंगात स्थान दिलं. आमच्या मुलाने दाखवलेल्या या वाटेवर उद्या सगळं जग चालेल. पृथ्वीमाता आज,”

पृथ्वीमातेचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. त्या हळूच खाली बसल्या. हातमोजा तोंडावर ठेवला, त्याचा वास आला, काढला. मग मिसेस पेनफोल्ड यांच्याकडे झुकून, फोनमध्ये जाणार नाही इतक्या खालच्या आवाजात त्यांनी विचारलं,

“तुमच्याकडे एखादी बादली असेल का?”

“आहे की,” मिसेस पेनफोल्ड म्हणाल्या. “पण ती लोकरीने भरलीय.”

ऑगस्टाबाईंनी डोळे मिटले.

“लोकर तेवढी काढून देता?”